औषधाच्या खिडकीमागील जबाबदारी

रुग्णालय म्हटले की डॉक्टर आणि परिचारिका चटकन आठवतात. औषधाच्या खिडकीमागे बसलेल्या व्यक्तीकडे मात्र 'गोळ्या देणारा' याहून अधिक लक्ष सहसा जात नाही. प्रत्यक्षात डॉक्टरांनी लिहिलेले औषध योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत आणि परवडेल अशा किमतीत मिळते की नाही, याची अखेरची तपासणी याच खिडकीवर होते. ही तपासणी करणारी व्यक्ती म्हणजे औषधनिर्माता. महाराष्ट्राच्या शासकीय आरोग्यसेवेत हे पद 'औषध निर्माण अधिकारी' या नावाने ओळखले जाते. नावात 'निर्माण' असले, तरी आजच्या रुग्णालयात औषध तयार करण्यापेक्षा ते तपासणे, सांभाळणे, पुरवणे आणि त्याचा खर्च आटोक्यात ठेवणे हेच या पदाचे मुख्य काम आहे.

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर वसलेल्या वडीगोद्रीसारख्या गावाचा विचार केला, तर या कामाचे मोल लवकर ध्यानात येते. येथून एक रस्ता अंबडमार्गे जालन्याला जातो, महामार्ग एका दिशेला छत्रपती संभाजीनगरकडे आणि दुसऱ्या दिशेला गोदावरी ओलांडून बीडकडे जातो. परिसर कापूस आणि उसाचा. शेतात फवारणी, बांधावर साप-विंचू, महामार्गावर अपघात आणि घरोघरी वाढत चाललेले मधुमेह व रक्तदाब असे आजारांचे मिश्रण येथे आढळते. अशा भागातील रुग्णाचा प्रवास गावच्या आरोग्य केंद्रापासून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, तेथून जिल्हा रुग्णालय आणि गरज पडल्यास वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत होतो. या प्रत्येक टप्प्यावर डॉक्टर बदलतात, कागद बदलतो, गोळीचा रंग आणि कंपनीही बदलते. अशा वेळी औषधांचा धागा तुटू न देणे हे औषधनिर्मात्याचे काम ठरते.

पद आणि कायदा

औषध व्यवसायाला भारतात १९४८ च्या फार्मसी कायद्याने शिस्त लावली. या कायद्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून वा मोजून रुग्णाला देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यालाच आहे. राज्यातील नोंदणीचे काम महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल पाहते. औषधांचा दर्जा, परवाने आणि विक्री यांवर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे नियंत्रण आहे. त्याची अंमलबजावणी राज्यात अन्न व औषध प्रशासन करते.

२०१५ साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने औषध व्यवसायाची नियमावली जारी केली. चिठ्ठीची छाननी करणे, रुग्णाला औषध कसे घ्यायचे ते समजावणे आणि औषधांच्या परस्परविरोधी परिणामांकडे लक्ष ठेवणे ही कामे त्या नियमावलीने औषधनिर्मात्याच्या कर्तव्यांत स्पष्टपणे आणली. शिक्षणाच्या बाबतीत पदविका, पदवी आणि २००८ पासून सुरू झालेला सहा वर्षांचा 'फार्म.डी.' असे मार्ग उपलब्ध आहेत. 'फार्म.डी.'मध्ये रुग्णाच्या खाटेजवळ जाऊन उपचारांत सहभागी होण्याचे प्रशिक्षण मिळते. मोठ्या खासगी रुग्णालयांत अशा 'क्लिनिकल फार्मासिस्ट'ची पदे आता दिसू लागली आहेत. ग्रामीण शासकीय संस्थांत मात्र वाटप, साठा, नोंदी आणि मागणीपत्रे ही सारी कामे बहुधा एकाच व्यक्तीच्या शिरावर असतात.

चूक होते कोठे?

औषधाची चूक म्हणजे केवळ चुकीची गोळी देणे नव्हे. चूक चिठ्ठी लिहिताना होते, वाचताना होते, मोजताना होते आणि रुग्ण घरी गेल्यावरही होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली 'औषधोपचार, पण इजेविना' या आशयाची जागतिक मोहीम हाती घेतली. औषधांच्या चुकांपायी जगाला दरवर्षी सुमारे ४२ अब्ज डॉलरचा भुर्दंड बसतो, असा अंदाज संघटनेने त्या वेळी मांडला होता.

इन्सुलिनचे उदाहरण घेता येईल. भारतात इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतेच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली एक आणि १०० युनिट असलेली दुसरी. दोहोंसाठी सिरिंजही वेगळ्या असतात. ४० युनिटच्या सिरिंजला लाल टोपण, तर १०० युनिटच्या सिरिंजला नारिंगी टोपण असते. १०० युनिटची कुपी आणि ४० युनिटची सिरिंज अशी गाठ पडली, तर २० युनिटच्या खुणेपर्यंत भरलेल्या औषधात प्रत्यक्षात ५० युनिट इन्सुलिन जाते. अडीच पट मात्रेने रुग्णाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. कुपी देताना तिला जुळणारी सिरिंज दिली आहे ना, हे पाहायला औषधनिर्मात्याला काही क्षण पुरतात.

बालकांच्या औषधांतही असाच सापळा आहे. पॅरासिटामॉलचे पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम किंवा २५० मिलिग्रॅम अशा तीव्रतेत मिळते, तर तान्ह्या मुलांसाठीच्या थेंबांत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम औषध असते. 'एक चमचा द्या' ही सूचना थेंबांच्या बाटलीला लागू केली, तर ५ मिलिलिटरमधून ५०० मिलिग्रॅम औषध बाळाच्या पोटात जाते. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेल्यास रक्तपेशी घटून प्राणावर बेतते. म्हणूनच अशा गोळीच्या पाकिटावर 'आठवड्यातून एकदा' असे लिहून वारही ठरवून देण्याची पद्धत सुरक्षित मानली जाते.

या अनुभवांतून रुग्णालयांनी काही साधे नियम घडवले आहेत. नावात वा वेष्टनात सारखी दिसणारी औषधे शेजारी ठेवायची नाहीत. शिरेवाटे थेट गेल्यास हृदय बंद पाडू शकणारे तीव्र पोटॅशियम क्लोराइड सर्वसाधारण कपाटात ठेवायचे नाही. इन्सुलिन, हेपॅरिन यांसारखी 'अतिदक्षतेची' औषधे देताना दोघांनी स्वतंत्रपणे मात्रा तपासायची. अक्षर लागत नसेल, तर अंदाज न बांधता डॉक्टरांना विचारायचे. या शेवटच्या नियमासाठी धाडस लागते. पदाच्या उतरंडीत डॉक्टरांना प्रश्न विचारणे अवघड वाटते, आणि खिडकीसमोर रांग लागलेली असताना तर अधिकच. ज्या रुग्णालयात असा प्रश्न अपमान न मानता मदत मानला जातो, तेथे चूक रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच पकडली जाते.

उन्हाळा, शीतपेटी आणि मुदत

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. बहुतेक गोळ्या २५ ते ३० अंशांखाली ठेवाव्यात, असे वेष्टनावर छापलेले असते. इन्सुलिन, अनेक लसी आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन यांना २ ते ८ अंशांची थंडाई लागते. पत्र्याच्या छपराखालील भांडारात किंवा वीज गेलेल्या शीतपेटीत ही औषधे वरून तशीच दिसतात, पण त्यांची ताकद कमी होत जाते. प्रसूतीनंतर रक्तस्राव न थांबण्यामागे औषधाची निवड चुकलेली नसून ते उन्हात तापलेले होते, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे शीतपेटीच्या तापमानाची दिवसातून दोनदा नोंद करणे हे काम रटाळ भासले तरी ते जीवरक्षक आहे.

मुदतीचा प्रश्नही असाच. 'आधी आले ते आधी द्या' यापेक्षा 'ज्याची मुदत आधी संपते ते आधी द्या' हा भांडाराचा खरा नियम. मुदत संपायला आलेला साठा वेळीच ओळखून शेजारच्या गरजू केंद्राकडे वळवला, तर औषध आणि पैसा दोन्ही वाचतात. शासकीय संस्थांतील साठ्याची नोंद ठेवण्यासाठी महाराष्ट्रात 'ई-औषधी' ही संगणकप्रणाली वापरात आली. मात्र पडद्यावरील आकडा आणि मांडणीवरील खोकी यांचा मेळ घालण्याचे काम माणसालाच करावे लागते.

साठा किती असावा?

ग्रामीण भागातील औषधनिर्मात्याची खरी परीक्षा तातडीच्या औषधांत होते. कीटकनाशकाच्या विषबाधेचा रुग्ण आला, तर सेंद्रिय फॉस्फरस विषावर ॲट्रोपिन द्यावे लागते. आपल्याकडे त्याची कुपी साधारणपणे ०.६ मिलिग्रॅमची असते. तीन कुप्यांनी सुरुवात करून, छाती मोकळी होईपर्यंत आणि नाडी सुधारेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत नेण्याची पद्धत आहे. तीन, सहा, बारा, चोवीस असा हिशेब मांडला, तर पहिल्या पाव तासातच ४५ कुप्या लागू शकतात. त्यानंतर सलाइनमधून औषध चालू ठेवावे लागते ते वेगळेच. 'महिन्याला सरासरी दहा कुप्या लागतात, म्हणून वीस ठेवू' हा कागदी हिशेब येथे रुग्णाच्या जिवावर उठतो.

सर्पदंशाचेही तसेच. विषाची लक्षणे दिसताच प्रतिविषाच्या साधारण १० कुप्यांनी उपचार सुरू होतात आणि पुढे आणखी लागू शकतात. मुंबईतील हाफकिन संस्थेचे नाव या प्रतिविषाच्या निर्मितीशी दीर्घकाळ जोडलेले आहे. विंचूदंशाची कथा तर महाराष्ट्राला अभिमान वाटावी अशी आहे. जालना जिल्ह्यात जन्मलेले आणि महाड येथे रुग्णसेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग सिद्ध केला. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ही गोळी महाग नाही, पण रात्री दोन वाजता ती कपाटात असावी लागते. ती तेथे असेल याची काळजी दिवसाउजेडी घ्यावी लागते, आणि ती औषधनिर्माताच घेतो.

जे. जे. रुग्णालयाचा धडा

औषधाचा दर्जा तपासल्याविना खरेदी केली तर काय होते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत वेदनादायक उदाहरण मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले आहे. १९८६ च्या प्रारंभी तेथे ग्लिसरॉल दिल्या गेलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि १४ जणांचा मृत्यू झाला. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होते. या प्रकरणी नेमलेल्या न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाची खरेदी, व्यवस्थापन आणि औषध प्रशासनाची देखरेख या सर्वांवर कठोर ताशेरे ओढले. पुरवठादार, खरेदी समिती, प्रयोगशाळा आणि भांडार या साखळीतील प्रत्येकाने आपले काम दुसऱ्यावर सोडले, की त्याची किंमत खाटेवरील रुग्ण मोजतो, हा त्या चौकशीचा बोध आहे.

हा बोध अद्याप जुना झालेला नाही. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात त्याच रसायनाने दूषित झालेले खोकल्याचे औषध प्यायल्याने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले होते. बनावट औषधांचा धोका तर निराळाच. २०२३ साली नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांच्या नमुन्यात ते प्रतिजैविकच नसल्याचे आढळले. पुढील तपासात टाल्कम पावडर आणि स्टार्च वापरून गोळ्या बनवणाऱ्या आंतरराज्य टोळीचा माग लागल्याचे २०२४ मध्ये पोलिसांनी आरोपपत्रात मांडले. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला पुरवलेल्या बनावट प्रतिजैविकाबाबतही डिसेंबर २०२४ मध्ये गुन्हा नोंदवण्यात आला.

अशा गोळीत विष नसते, म्हणून ती लगेच मारत नाही. न्यूमोनियाचा रुग्ण मात्र बरा होत नाही, आणि दोष आजाराला किंवा डॉक्टरांना दिला जातो. एखादे औषध वारंवार लागू पडत नाही, अशी शंका येताच त्या गटक्रमांकाचे वाटप थांबवून औषध निरीक्षकाला कळवणे हे म्हणूनच औषधनिर्मात्याचे महत्त्वाचे कर्तव्य आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू आहे. गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन त्याचे समन्वयन करते. डॉक्टर, औषधनिर्माता, परिचारिका आणि स्वतः रुग्णही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर माहिती देऊ शकतात.

पैशाचे गणित

औषधखर्च कमी करणे म्हणजे स्वस्तातले स्वस्त औषध घेणे, असा गैरसमज आहे. जे. जे. प्रकरणाने त्याचे उत्तर दिलेच आहे. खर्चाचे व्यवस्थापन म्हणजे दर्जा राखून अनावश्यक खर्च टाळणे.

त्याची पहिली पायरी म्हणजे अत्यावश्यक औषधांची यादी. जागतिक आरोग्य संघटनेने अशी पहिली यादी १९७७ मध्ये काढली. भारताची राष्ट्रीय यादी १९९६ मध्ये आली आणि २०२२ च्या सुधारित यादीत ३८४ औषधे आहेत. यादी आखूड ठेवली, की मोजक्या औषधांची मोठी मागणी एकत्र करता येते आणि दर उतरतात. तामिळनाडूने १९९४ साली स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून याच मार्गाने देशापुढे उदाहरण ठेवले. महाराष्ट्रात २०१७ पासून मध्यवर्ती खरेदी हाफकिन महामंडळाकडे होती. पुरवठ्यातील विलंबाच्या तक्रारींनंतर २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले.

दुसरी पायरी रुग्णालयाच्या भांडारातच असते. औषधांची दोन प्रकारे वर्गवारी केली जाते. एक खर्चानुसार. थोडीच औषधे एकूण खर्चाचा मोठा वाटा खातात, हे त्यातून दिसते. दुसरी निकडीनुसार, म्हणजे प्राणरक्षक, आवश्यक आणि ऐच्छिक अशी. दोन्ही याद्या एकमेकींवर ठेवल्या, की कोठे काटकसर करावी आणि कोठे मुळीच करू नये हे कळते. महागडे ऐच्छिक टॉनिक कमी करता येते. स्वस्त पण प्राणरक्षक ॲट्रोपिन कधीच संपू देता येत नाही.

मागणीचे गणितही सरळ आहे. समजा, मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या महिन्याला ६,००० गोळ्या लागतात, मागणी केल्यापासून माल यायला दोन महिने जातात आणि एका महिन्याचा साठा राखीव ठेवायचा आहे. अशा वेळी साठा १८,००० वर येताच नवी मागणी जायला हवी. साठा ६,००० वर आल्यानंतर मागणी पाठवली, तर महिनाभराने खिडकीवर 'बाहेरून घ्या' हे शब्द ऐकू येणारच.

'बाहेरून घ्या' या दोन शब्दांचा भार गरिबावर सर्वाधिक पडतो. राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरण १९९७ पासून कार्यरत आहे. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार, एक टक्का वा अधिक बाजारहिस्सा असलेल्या उत्पादनांच्या सरासरी दरात १६ टक्के किरकोळ नफा मिळवून यादीतील औषधांची कमाल किंमत ठरते. यादीबाहेरील औषधांची किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा अधिक वाढवता येत नाही. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेतून मूळ रासायनिक नावाची औषधे स्वस्तात उपलब्ध झाली. पण कोणत्या नाममुद्रेतील घटक कोणत्या जनऔषधी गोळीत आहे, हे रुग्णाला सांगणारे कोणी नसेल, तर स्वस्त औषधही कपाटातच राहते. शिवाय रुग्ण जुनी महाग गोळी आणि नवी स्वस्त गोळी अशा दोन्ही घेऊ लागतो. घटक एकच असल्याने मात्रा दुप्पट होते. खर्च आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे यातून स्पष्ट व्हावे.

मनुष्यबळाचा प्रश्न

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांतील उपचार निःशुल्क झाले. निर्णय स्वागतार्ह असला, तरी उपचार निःशुल्क करणे आणि औषध हाती पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्याच वर्षी ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर रोजी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत १२ नवजात बालकांसह २४ रुग्णांचा मृत्यू झाला. औषधटंचाईचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आरोप-प्रत्यारोपांच्या अशा वेळी साठ्याची चोख नोंद हाच विश्वासार्ह पुरावा असतो. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्यातील गुंतागुंतीचे उपचार वाढणार आहेत. त्या प्रमाणात औषधनिर्मात्यांची पदे, त्यांचे प्रशिक्षण आणि वातानुकूलित भांडारे उभी राहणे हा पुढचा प्रश्न आहे. पद रिक्त असते तेव्हा खिडकी बंद होत नाही. तिच्यामागे अप्रशिक्षित हात येतो, एवढाच फरक पडतो, आणि तोच सर्वांत धोक्याचा असतो.

रुग्णांनी काय करावे?

औषध घेताना खिडकीवर पाच गोष्टी विचारायला संकोच बाळगू नये : हे औषध कशासाठी आहे, किती व केव्हा घ्यायचे, किती दिवस घ्यायचे, आधीपासून चालू असलेल्या औषधांबरोबर ते चालते का, आणि ते ठेवायचे कोठे. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक वा घरगुती औषधांसह, एका पिशवीत घालून दर भेटीत सोबत न्यावीत. पूर्वी कोणत्या औषधाने पुरळ, सूज वा दम लागला असेल, तर ते आधीच सांगावे. पाकिटावरील नाव, ताकद आणि मुदत घरी पोहोचण्यापूर्वीच पाहावी. गोळीचा रंग वा आकार बदलला असेल, तर ती घेण्याआधी परत जाऊन विचारावे.

प्रश्न विचारणारा रुग्ण आणि उत्तर द्यायला वेळ असलेला औषधनिर्माता हे दोघे समोरासमोर आले, की बहुतेक चुका खिडकीवरच थांबतात. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. खिडकीमागे प्रशिक्षित माणूस असावा आणि त्याच्या शब्दाला रुग्णालयात मान असावा, एवढे पुरेसे आहे.